बॅकअप आहे, रिस्टोअरचं काय?

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास रिलीज एकदाचं लाईव्ह गेलं, लॅपटॉप मिटला आणि फोन हातात घेतला तर जर्मनीतल्या मित्राचा फोटो आलेला. (हा माझा इंजिनिअरिंगचा रूममेट. हॉस्टेलवर मनीप्लांटसुद्धा मारून दाखवलेला माणूस, आता तिकडे निवडुंग वगैरे जमवतो.) खिडकीच्या कट्ट्यावर एक कुंडी, कुंडीतून बाहेर लोंबणाऱ्या बोटाएवढ्या जाड मांसल फांद्या, टोकाला हिरवी पानं आणि मध्ये चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं गडद लाल फूल. खाली एक ओळ : "ओळख पाहू. तुझ्या गावचं आहे."

मला ओळखता आलं नाही.

माझं आजोळ राजूरचं. नगर जिल्हा (२०२४ पासून सरकारी कागदांवर अहिल्यानगर), अकोले तालुका. भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सगळं आमच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचं अंगण. त्यामुळे 'तुझ्या गावचं' म्हटल्यावर जरा लाजच वाटली. मग त्यानेच सांगितलं. शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. आणि तिच्या नोंदी ज्या मोजक्या जागांवरून आहेत, त्यांत शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड यांच्या जोडीला आमचा रंधा धबधबाही आहे!

रंध्याला मी किती वेळा गेलो असेन? मोजदाद नाही. घोरपडादेवीचं दर्शन, कठड्यावरून खाली वाकून बघणं, आईचा ओरडा, भजी, परत. कड्यावर काय उगवलंय याकडे एकदाही लक्ष गेलं नाही.

तर आधी ही बया आहे तरी कोण ते सांगतो.

निकोल डॅल्झेल नावाचा स्कॉटिश अधिकारी मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात होता. त्याला ही वनस्पती जुन्नरजवळ हिवऱ्याच्या परिसरात मिळाली आणि १८६४ साली त्याने तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलं त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. (साहेबाला खूश ठेवायची पद्धत जुनीच आहे!) म्हणजे कराचीतल्या फ्रिअर हॉलला ज्याचं नाव आहे, त्याचंच नाव आमच्या कड्यावरच्या झाडालाही. स्थानिक लोकांना ती त्याआधीही माहीत असणारच, पण नोंद त्याच्या नावावर झाली.

ही रुईच्या कुळातली. तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे माकडशिंगासारख्या वनस्पती. त्यांना नावापुरतीच पानं, बाकी नुसत्या हिरव्या मांसल कांड्या. हिला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पानं येतात. पाऊस संपला की पानं गळतात आणि झाड नुसत्या फांद्यांच्या जिवावर उन्हाळा काढतं. फूल दिसायला देखणं, पण वास कुजक्या मांसासारखा, कारण गिऱ्हाईक म्हणजे माश्या. माशी येते, परागण करते, मग शिंगांच्या जोडीसारख्या शेंगा धरतात. आत बियांना रुईसारखाच रेशमी झुबका. वारा तो उचलतो आणि कड्यावरच्या दुसऱ्या एखाद्या भेगेत नेऊन टाकतो. भेग चुकली की बी गेलं.

हे सगळं उभ्या कड्यावर चालतं. जिथे शेळीचं तोंडसुद्धा पोचत नाही तिथे ही टिकून आहे. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या काही कड्यांवर, आणि जगात इतर कुठेही नाही.

...म्हणजे 'नाही' असं म्हणायचं, आणि समोर जर्मनीतल्या खिडकीत ती फुललेली! तिथल्या नर्सरीतून ऑनलाईन मागवली म्हणे. फांदी तोडून लावली की जगते, त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या निवडुंगवेड्यांकडे ती कधीच पोचली आहे. मित्राने शेवटी लिहिलं, "बघ, तुमच्याकडे संपली तरी माझ्याकडे बॅकअप आहे."

त्या एका वाक्याने माझा वीकेंड खाल्ला.

शनिवारी पहाटे गाडी काढली, आळेफाटा-संगमनेर करत राजूर गाठलं, मामांना उचललं आणि रंध्याला गेलो. मामांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला. "माकडशिंग ठाऊक हाये मला, भाजी करत्यात त्याची. पण हे पानांचं काय पाह्यलं नाय भाच्या." मग आम्ही दोघं कठड्याशी उभे राहून मित्राची दुर्बीण असावी तसा मोबाईलचा कॅमेरा झूम करून कडा बघत बसलो. तास-दीड तास. धबधबा भरात, तुषार लेन्सवर, मागे रील बनवणाऱ्यांची गर्दी.

नाही दिसली. (आणि दिसली असती तरी नेमका कुठला कडा ते इथे लिहिलं नसतं. रंध्याचं नाव शास्त्रीय नोंदींत आहेच, त्याच्यापुढचा पत्ता माझ्याकडून मिळणार नाही. का, ते पुढे येईल.)

येताना मामा म्हणाले, "खरपुडी पाह्यची का? ती दाखवतो." आणि इथे मला एक कबुली द्यायला हवी, कारण खरपुडीशी माझा जुना हिशोब आहे.

खरपुडी म्हणजे कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. ट्रेकर मंडळींना फोटोंमुळे माहीत असेल. फुगीर बुडाची लांब नळी आणि वर पाकळ्या एकमेकींना टोकाला चिकटून झालेली छोटीशी छत्री, अगदी कंदिलासारखी. तिची करामत म्हणजे माशी नळीत घसरते, आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तिला वर येता येत नाही. फूल तिला काही काळ कोंडून ठेवतं. मग केस सुकतात, फूल कलतं आणि माशी परागांचं पार्सल घेऊन सुटते. भारतात हिच्या पन्नासच्या वर जाती सांगतात, त्यातल्या बहुतेक भारताबाहेर कुठेच नाहीत. सेरोपेजिया लॉवाय नावाची एक जात एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींनंतर कित्येक दशकं कुणाला दिसलीच नव्हती. विसाव्या शतकात ती पुन्हा सापडली ती आमच्या हरिश्चंद्रगडावर.

(जाता जाता : २०१७ नंतर काही अभ्यासकांनी शिंदळ माकुडीलाही सेरोपेजियातच टाकलंय. फ्रेरिया, मग कॅरालुमा, मग बाऊसेरोशिया, आता सेरोपेजिया. मला वाटायचं दर दोन वर्षांनी सगळं रिनेम करायची खोड फक्त आपल्याच धंद्यात आहे. :) )

तर कबुली. थर्ड इयरला असताना पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडाचा ट्रेक केला होता. परतताना गवतात एक कंदीलपुष्प दिसलं. कुठली जात ते तेव्हा विचारलंही नाही. मी काठीने उकरून कंदासकट काढलं, पाण्याच्या बाटलीचं बूड कापून त्यात माती भरली आणि पुण्याला रूमवर आणलं. हेतू चांगलाच होता हो. 'इथे कुणीतरी तुडवेल, माझ्याकडे सुरक्षित राहील.' ऑक्टोबरात वेल वाळली. मला वाटलं पाणी कमी पडतंय. म्हणून रोज पाणी घातलं. डिसेंबरात उकरून पाहिलं तर कंदाचा चिखल झाला होता.

ते झाड मेलं नव्हतंच. ते झोपलं होतं! पाऊस संपला की वेल वाळते आणि कंद जमिनीखाली कोरडाठाक पडून राहतो, थेट पुढच्या जूनपर्यंत. मी त्याला काळजीने बुडवून मारलं.

मामांना हे त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं. ते हसले. "आम्ही ढोरं घेऊन रानात जायचो तव्हा खरपुडी उकरून कच्चीच खायचो. भूक लागायची ना." मी म्हटलं, मग तुम्ही पण संपवलीच की. तर म्हणाले, "एका जागची समदी कोन काढतंय? पुढल्या वर्षी नको का खायाला?"

गुराख्यांनी कंद उकरणं हे कंदीलपुष्पं कमी होण्याचं एक कारण म्हणून अभ्यासक सांगतात, आणि ते खोटं नाही. मामांच्या बोलण्याने ते खोडून निघत नाही. पण त्यांच्या उकरण्याला एक 'पुढलं वर्ष' होतं. माझ्या उकरण्याला फक्त एक वीकेंड होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मित्राचं 'बॅकअप' खरंच बॅकअप आहे का?

आपल्या धंद्यातला प्रत्येकजण एक धडा कधी ना कधी रडत रडत शिकलेला असतो : ज्या बॅकअपवरून कधी रिस्टोअर करून पाहिलेलं नाही, तो बॅकअप नाहीच. फाईल आहे, साईज बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, आणि ऐन वेळी उघडतच नाही. झाडांच्या दुनियेत हे अक्षरशः घडलेलं आहे.

१८९५ साली जॉन मेडली वूड या वनस्पतीशास्त्रज्ञाला दक्षिण आफ्रिकेतल्या नगोये जंगलात सायकसच्या जातकुळीतल्या एका झाडाचा एकच पुंजका मिळाला. त्याची पिल्लं काढून लंडनच्या क्यू उद्यानात आणि इतरत्र पाठवली. १९१६ साली जंगलातला शेवटचा बुंधाही हलवला. आज जगभरच्या उद्यानांत हे झाड रुबाबात उभं आहे. एकच अडचण. ते सगळे नर आहेत, एकाच नराच्या कॉप्या. मादी कधी सापडलीच नाही. अलीकडे संशोधकांनी त्या जंगलावर ड्रोन उडवूनही शोध घेतला. सव्वाशे वर्षं बॅकअप शाबूत आहे, रिस्टोअर मात्र शून्य.

उलट उदाहरणही आहे. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर 'काफे मारों' नावाचं झाड नामशेष झालं असं धरून चालले होते. १९८० च्या सुमारास तिथल्या एका शिक्षकाने वर्गात जुनं चित्र दाखवलं आणि एक शाळकरी पोरगा म्हणाला, हे तर मी पाहिलंय. रस्त्याकडेला एकच झाड उरलं होतं! बातमी पसरली तसे लोक औषधासाठी त्याच्या फांद्या-पानं ओरबाडायला लागले, म्हणून त्याला कुंपण घालावं लागलं. (पत्ता न सांगण्याचं कारण हेच.) १९८६ साली क्यूला फांद्या पाठवल्या. त्यातली एक जगली, फुलली, पण बी काही धरेना. बरीच वर्षं झटल्यावर बी मिळालं, आणि ते पुन्हा रॉड्रिग्जला गेलं. हे खरं रिस्टोअर. पण ते जमलं कशामुळे? तिकडे बेट होतं, कुंपण राखणारे लोक होते, लावायला जागा होती. रिस्टोअर करायला आधी सर्व्हर जिवंत लागतो.

शिंदळ माकुडीचा सर्व्हर म्हणजे कडा. कंदीलपुष्पाचा सर्व्हर म्हणजे गवताळ उतार आणि सडा. आणि इथे आपण काय करतोय?

केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांमध्ये खडकाळ जमीन हा एक स्वतंत्र वर्ग आहे. पडीक! जिथे पिकत नाही, वाढत नाही, म्हणजे काही कामाची नाही. आपली सुशिक्षितांची नजरही तशीच. झाडी म्हणजे निसर्ग आणि खडक म्हणजे रिकामी जागा. मी आधी ज्या कंपनीत होतो (नाव नको) तिथे दर जुलैत वृक्षारोपण असायचं. बस, टी-शर्ट, समोसे आणि पुण्याबाहेरची एक 'ओसाड' टेकडी. एका वर्षी मीही तिथल्या पातळ मातीत कुदळ मारून खड्डे खणले आणि गिरिपुष्पाची रोपं लावली. खड्ड्यातून निघालेलं सगळं बाजूला फेकलं : गवत, बारीक निळी-जांभळी फुलं, आणि हो, दोन-चार छोटे कंद. मला वाटलं रानकांदे असतील. ते काय होते हे आता कधीच कळणार नाही. ग्रुप फोटोत मात्र मी फार आनंदी दिसतोय.

ज्या फुलांसाठी आपण कासला रांगा लावतो, ती सीतेची आसवं, ते गेंद, हे सगळं असल्याच उघड्या, पातळ मातीच्या सड्यांवर उगवतं. तिथे सावली आली की ती गेली. कासच्या सड्याचा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. सह्याद्रीच्या त्या नोंदीत महाराष्ट्रातल्या चारच जागा आहेत : कास, कोयना, चांदोली, राधानगरी. आमचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड त्यात नाही. १९८६ पासून अभयारण्य आहे, कागदावर संरक्षण आहे, पण पावसाळ्यातल्या शनिवारी पाचनईला पार्किंग बघा आणि मग बोलू. त्या गर्दीत माझीही गाडी असते, त्यामुळे हे बोट आधी माझ्याकडेच.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो वैतागला. "म्हणजे मी झाड जगवलं हा माझा गुन्हा? तू काय केलंस?"

प्रश्न बरोबर आहे आणि मला तो टाळायचा नाही. त्याचं झाड नर्सरीत वाढवलेलं आहे. नर्सरीत मुबलक मिळालं तर कड्यावरून ओरबाडायची गरज उरत नाही. दक्षिण आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत परदेशी हौशी लोकांसाठी रानातली लाखो मांसल रोपटी चोरली गेली. तेव्हा कुंडीतलं झाड निरुपयोगी नाहीच. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव यांनी कंदीलपुष्पांवर आयुष्यभर काम केलं, तिथल्या वनस्पती उद्यानात त्यांच्या जाती जपल्या आहेत. असं काम हवंच. पण तो बॅकअप आहे, आणि बॅकअपच्या भरवशावर कुणी प्रॉडक्शन सर्व्हर जाळत नाही. शिवाय फांद्या तोडून वाढवलेली झाडं म्हणजे मोजक्याच झाडांच्या कॉप्या. कड्यावर बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं, आणि पुढचा दुष्काळ किंवा रोग कोण झेलणार हे त्या वेगळेपणावर ठरतं. जर्मन खिडकीत ना आपली माशी, ना पाऊस, ना भेग शोधणारा वारा.

जिवंत बॅकअप कसा असतो ते बघायचं तर आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याला जावं. राहीबाई पोपेरे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाल्यावर सगळ्यांना नाव कळलं. मला त्यात आवडते ती गोष्ट पुरस्काराची नाही. ते बियाणं शेतात पेरलं जातं, त्याच पावसात, त्याच मातीत, आणि पुन्हा बी होऊन परत येतं. म्हणजे प्रत्येक हंगामाला रिस्टोअर टेस्ट! गावरान वालाला राहीबाई आणि शेतकरी आहेत. कड्यावरच्या रानझाडाला कोण आहे? त्याचं शेत म्हणजे तो कडाच, आणि त्याला कुणी पेरत नाही. आपण फक्त कडा कडा राहू द्यायचा आहे.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या पिढीला 'काही न करणं' सगळ्यात अवघड जातं. आपल्याला रोप आणायचं असतं, लावायचं असतं, फोटो टाकायचा असतो. म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केलेत. डोंगरावरून काहीही आणायचं नाही, बी सुद्धा नाही. दुर्मिळ झाडाचा फोटो टाकला तर नाव टाकायचं, जागा नाही. (आयनॅचरलिस्टसारखी साईट धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आपणहून धूसर करते. आपल्या इन्स्टाला तेवढी अक्कल नाही.) आणि ऑफिसचं वृक्षारोपण सड्यावर असेल तर आधी 'इथे आत्ता काय उगवतंय?' हा प्रश्न मेलवर, सगळ्यांना सीसी करून विचारायचा. या जुलैत विचारला. एचआरवाल्या मॅडम जरा चिडल्या, पण टेकडी बदलली. यंदा खड्डे एका जुन्या खाणीच्या भरावावर खणले.

हो, खरपुडी. मामांनी त्या दिवशी दाखवली. राजूरच्या पुढे एका उतारावर, गवतात गुडघ्यावर बसून. एकच फूल, माझ्या करंगळीएवढं. मी सवयीने खिशातून मोबाईल काढला, आणि मामांनी पहिला प्रश्न विचारला, "काढतो का काय?" त्यांना म्हणायचं होतं, उकरून काढतो का काय.

म्हटलं, नाही मामा, फोटोच काढतोय.

"मग काढ. पुढल्या वर्षी परत ये, इथंच असंल."

सप्टेंबर जवळ आलाय. रजा टाकून ठेवली आहे.